पांढऱ्या दोऱ्याची बरणी

ओदिलियाबाईंच्या चर्चमध्ये सगळ्यात मागे, पंख्याचा वारा पोचत नाही अशा जागी, एक बाक आहे. सेर्रो आल्तो या आमच्या वस्तीच्या चढावर कुणापुढेही "मागचा बाक" एवढं म्हणा, माणूस आधी हसतो आणि मग मान खाली घालतो. चर्चमधल्या कुणाचं पाप उघडकीस आलं, म्हणजे दारू, मारामारी, लोकांच्या बायकांशी लघळपणा, मापात मारलेला काटा, की त्यानं तीन महिने त्या बाकावर बसायचं. गीत गायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही, गप बसून पुढच्यांच्या पाठी बघायच्या. बाईंनी आजवर कुणालाही सोडलेलं नाही. नवरा हयात होता तेव्हा त्यानं लॉटरीचं तिकीट घेतलं, तर त्यालाही बसवलं होतं. बिचारा बसलासुद्धा!

त्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला एक खिळा वर आलाय. धुणंभांडी करणाऱ्या लोरेतानं एकदा तक्रार केली, "बाई, झगा फाटतो हो तिथं." तर बाई म्हणाल्या, "टोचू दे. टोचावं म्हणूनच बसवलंय तुला."

अशी ही बाई. रविवारी पाळक आणि आठवडाभर भटारीण. पुढे पावांची भट्टी, मागे पत्र्याचं छप्पर घातलेलं चर्च, आणि मधलं दार सदा उघडं. शास्त्रातली वचनं बाईंकडे भिंतीवर टांगायला नव्हतीच मुळी, ती वापरायला होती. पाव वजनाला हलका भरला की त्यावर अर्धा पाव फुकट, कारण खोटा तराजू देवाला खपत नाही. शेजाऱ्याची कोंबडी आत शिरली तर तिला दाणे घालून परत पोचवायची, कारण हरवलेलं जनावर पोचतं करावं असं सांगितलंय. कुणी कुरकुर केली की बाईंचं ठरलेलं उत्तर, "लिहिलंय ना? मग झालं." हे वाक्य ऐकून ऐकून आमच्या वस्तीतली पोरं खेळताना भांडणं मिटवायलासुद्धा तेच वापरतात.

त्याच भट्टीवर सेल्विन कामाला होता. तिशीचा, खांद्यानं रुंद, भर उन्हातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा. सदऱ्याखाली टोळीची गोंदणं होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. टोळीतून बाहेर पडायला आमच्याकडे दोनच वाटा आहेत. एक दफनभूमीची आणि दुसरी चर्चची. देवाकडे जाणाऱ्याला टोळी अडवत नाही, पण त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. दारू नाही, सिगारेट नाही, नाच नाही, हात उचलायचा नाही. खरा पालटला असेल तर जगू दे, देवाच्या नावानं आम्हाला बनवत असेल तर मग दया नाही, असा त्यांचा हिशेब. बेकरीपलीकडच्या गल्लीतला ओनान असाच पालटला होता. फुटबॉलच्या सामन्याला कुणीतरी बियरची बाटली पुढे केली, त्यानं घेतली. त्याच आठवड्यात त्याच्या आईनं काळे कपडे शिवायला टाकले.

सेल्विनला हे पाठ होतं. तो हसायचासुद्धा जपून. तरी बाईंच्या मनात एक कुसळ होतंच. हा पोरगा देवाला भितो की टोळीला? प्रार्थनेत त्याचे डोळे मिटलेले असायचे, पण कान दाराकडे. बाईंना वाटायचं, भीतीनं का होईना, सरळ चालतोय ना, चालू दे.

त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. शुक्रवारी दुपारी भट्टीवर मरणाची घाई. शेजारची तोमासा, पक्की कॅथलिक, दर नाताळला रोंपोपो करते. दूध, अंडी, साखर, दालचिनी आटवून दाट करायचं आणि शेवटी त्यात रम ओतायची. बाईंच्या घरी दारूचा थेंब चालत नाही, म्हणून तोमासा दरवर्षी एक बरणी रमशिवाय भरते आणि तिच्या गळ्याला पांढरा दोरा बांधते. रमवाल्यांना लाल. एक लाल दोऱ्याची बरणी तिच्या चर्चच्या फादरकडे, पांढऱ्याची ओदिलियाबाईंकडे. देवाबद्दल दोघींचं आयुष्यभर पटलं नाही, पण ही बरणी कधी चुकली नाही.

त्या दुपारीही पांढऱ्या दोऱ्याची बरणी आली. बाईंचे हात पिठात होते. सेल्विन उतारावरच्या घरांत पाव पोचवायला सायकल काढत होता, घामानं निथळत होता. बाईंनीच हाक मारली, "अरे, पेलाभर पिऊन जा. उपाशीपोटी फिरतोस, चक्कर येऊन पडशील." तो आत गेला, पेला भरून प्यायला, तोंड पुसलं आणि टोपली लावून निघाला.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि तोमासा झगा सावरत, धापा टाकत दारात. "अगं बया, ओदिलिया! फादरांनी निरोप धाडला, म्हणे हे काय लहान मुलांचं दूध पाठवलंस? सुनेशी भांडता भांडता दोरे बांधले बघ मी, उलटे बांधले गं! तुझी बरणी उघडली नाहीस ना अजून?"

बाईंना आधी हसू फुटलं. फादरांचं तोंड डोळ्यासमोर आलं. मग सेल्विननं भरलेला पेला आठवला. त्यांनी पिठाळ हातानं बरणी उचलून नाकाशी नेली. रमचा भपकारा आला.

"कोण प्यायलं?" तोमासानं विचारलं.

"सेल्विन."

"देवा गं माझ्या!" म्हणून तोमासा पिठाच्या पोत्यावरच बसली.

बाई तशाच, एप्रनसकट, उतारावर धावल्या. या वयात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी! कोपऱ्यावरच्या दुकानापाशी सेल्विनची सायकल उभी होती आणि सायकलीच्या हँडलवर हात ठेवून घारा उभा होता. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक. घारे डोळे म्हणून घारा. आमच्या चढावर कोण जगेल, कोणाचं दुकान उघडं राहील, हे तोच ठरवायचा. आवाज कधी चढवायचा नाही, त्याचीच लोकांना जास्त भीती. त्यानं टोपलीतून एक पाव उचलला, सेल्विनच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारलं, आणि क्षणभर तसाच थांबला. मग पाठीवर थाप मारून सायकल सोडली.

सेल्विन सायकल ढकलत वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भट्टी आवरायच्या वेळेला येतो. पाळकबाईंना म्हणावं कॉफी ठेवा."

भट्टीवर येऊन बाईंनी दार ओढून घेतलं. डोकं भरभर चालू लागलं. पळवून लावावं तर कुठं? सेल्विनची म्हातारी आई आणि आठ वर्षांची पोर याच वस्तीत होत्या. तो गेला की त्यांची गाठ टोळीशी. पोलिसांकडे जावं तर पोलीस यायच्या आत घाऱ्याला खबर. बाई तोमासाकडे वळल्या. "फादरांकडची बरणी घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. आणि ही तुझी विषाची बरणी मोरीत ओत."

तोमासा पळाली, बरणी घेऊन आली. बाईंनी लाल दोरा सोडून चुलीत टाकला आणि त्या बिनरमच्या बरणीला पांढरा दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली.

"बाई," सेल्विन म्हणाला, "खोटं बोलायचं?"

"तू तोंडच उघडायचं नाहीस. मी बोलेन."

"पण बाई..."

"गप रे मेल्या! मरायची हौस आलीय का तुला?"

तो पीठ मळायला लागला. बाईंनी तोमासाला मागच्या वाटेनं घरी पाठवलं, नाताळचे पाव भट्टीत सरकवले, कॉफी ठेवली. तोंडानं प्रार्थना म्हणून बघितली, पण शब्द पुढे सरकेनात. कोणत्या तोंडानं मागणार? देवा, माझं खोटं खपू दे, असं?

घारा एकटाच आला. बरोबरची दोन पोरं बाहेर कट्ट्यावर बसली. कमरेजवळ सदरा फुगलेला. त्यानं बाईंपुढे अदबीनं मान लववली, स्टुलावर बसला, कॉफीचा घोट घेतला.

"पाळकबाई, दुपारी ह्याच्या तोंडाला वास होता."

"असणारच," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "दिवसभर खमिरात डोकं घालून असतो. फुगलेल्या पिठाला दारूसारखाच वास येतो. ये, हुंगून बघ."

घारा खरंच उठला. परातीवरचं फडकं उचलून त्यानं वाकून वास घेतला. मान हलवली.

"आणि पोटात काय होतं ह्याच्या?"

"दुधाचा रोंपोपो. तोमासा माझ्यासाठी रमशिवाय करते, सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. ही बरणी. पांढरा दोरा."

त्यानं पेल्यात थोडं ओतलं, जिभेवर घोळवलं, गिळलं. घारे डोळे बाईंच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

"हेच प्यायला?"

"हेच."

"रम नव्हती?"

"नव्हती."

भट्टीतलं लाकूड तडतडलं. मग घारा हसला. पेला खाली ठेवला. "लहानपणी रविवारच्या शाळेत गोड पाव मिळायचा म्हणून इथं येऊन बसायचो, आठवतं? तुमच्या शब्दावर मी कधी शंका घेणार नाही." तो दाराकडे वळला. बाईंनी टेबलाची कड धरली. खपलं होतं! देवा, खपलं होतं!

"रम होती," सेल्विन म्हणाला.

घारा थांबला.

"ही बरणी बदललेली आहे. माझ्या बरणीत रम होती. बाईंना देताना ठाऊक नव्हतं. मलाही पहिल्या घोटाला कळलं नाही." सेल्विनचे पिठानं माखलेले हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. "दुसऱ्या घोटाला कळलं. तरी मी पेला संपवला."

बाई ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनाही आठवत नाही. मूर्खा, गाढवा, तुझी पोर, तुझी आई, असलं काहीतरी. त्यांना इतका संताप आला की हाताशी लाटणं असतं तर त्यांनीच त्याला हाणलं असतं. घाऱ्यानं एक बोट वर केलं. त्या गप झाल्या.

तो परत येऊन स्टुलावर बसला. भट्टीतून करपल्याचा वास यायला लागला.

"संपवलास का?" घाऱ्यानं विचारलं.

"चव ओळखीची होती. बरं वाटलं."

"आता मला काय करावं लागतं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मी तर चाललो होतो. मग कशाला बोललास?"

सेल्विन भीत होता, नखशिखांत भीत होता. "तुला फसवूनच जगायचं तर पालटलो कशाला? रोज तुझ्याकडे बघून सरळ चालायचो. आज कुणी बघत नव्हतं तर प्यायलो. आता हेही लपवलं तर माझ्याकडे काहीच खरं उरत नाही." मग तो बाईंकडे वळला. त्याच्या नजरेत ना राग, ना टोमणा. "होय तर होय म्हणावं, नाही तर नाही. लिहिलंय ना, बाई? मग झालं."

बाईंना भट्टीत ढकलल्यासारखं झालं.

भट्टीच्या फटीतून धूर यायला लागला होता. "पाव जळतायत," घारा म्हणाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यानंच उठून झाकण बाजूला केलं, काळे झालेले पाव बघितले.

"एवढी वर्षं मी माणसांना विचारतोय. मारून विचारतो, धरून विचारतो. सुटल्यावर आपणहून खरं सांगणारा हा पहिलाच," तो म्हणाला. "तुमच्यात प्यायलेल्याला काय करतात, पाळकबाई?"

"मागचा बाक." बाई म्हणाल्या. "तीन महिने."

"बसवा मग. परवा नाताळ. मी बघायला येतो. तिथं दिसला तर माझं म्हणणं संपलं. नाही दिसला तर..." उंबरठ्यावर तो वळला. "आणि खोटं बोलणाऱ्याला काय करतात?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रोसेंदोला बोलावलं. रोसेंदो म्हणजे चर्चचा ज्येष्ठ कारभारी, निवृत्त बसचालक, लांबलचक प्रार्थना करण्यात पटाईत पण उपदेश म्हटला की पोट बिघडणारा माणूस.

"उद्याची उपासना तुम्ही चालवा," बाई म्हणाल्या. "मी मागच्या बाकावर बसणार."

"नाताळला? अहो, पोरांचं नाटक आहे, गावोगावचे पाहुणे येणार!" रोसेंदोच्या कपाळावर घाम आला. "आणि तुम्ही तर जीव वाचवायला बोललात! मिसरातल्या सुइणी बाळं मारायला सांगणाऱ्या फारो राजाशी खोटं बोलल्या नव्हत्या? देवानं त्यांचं भलंच केलं की. लिहिलंय!"

"सुइणींनी बाळं वाचवली," बाई म्हणाल्या. "रोसेंदो, मी तोमासाला बरणी आणायला पिटाळलं ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? लोक म्हणतील, ओदिलियानं त्याला दारू पाजली. पाळकबाईनं! सेल्विन माझ्या मनात दुसरा आला. आधी मी आले."

रोसेंदो पोट धरून घरी गेला.

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं. पोरांच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख, घराघरांतून आणलेल्या नाकातमालचा, केळीच्या पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाचा, वास. आणि मागच्या बाकावर सेल्विन, शेजारी ओदिलियाबाई. कुजबूज उसळली ती शमेना. लोरेता तर मान वळवून बघतच राहिली. तिच्या नजरेत बाईंना वाटत होतं ते हसू नव्हतं, कीव होती. हसू असतं तर बरं झालं असतं.

तिथून काय दिसतं? पाठी दिसतात. पंख्याचा आवाज येतो, वारा येत नाही. सगळे गीताला उभे राहतात आणि आपण बसलेले असतो, तोंडात आलेलं गीत तसंच गिळत. नवरा इथं बसला होता, त्या लॉटरीच्या तिकिटापायी. घरी आल्यावर तो त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाही आणि बाईंनी त्याला कधी विचारलंही नाही. आज विचारायला तो नव्हता.

रोसेंदो अडखळत उपदेश करत होता. मध्येच तो थांबला, आणि सगळ्यांना कळलं. घारा दारात उभा होता. पुठ्ठ्याचे पंख लावलेली पोरं जागच्या जागी थिजली. एका आईनं लेकराला बाकाखाली दडपलं. घाऱ्यानं आधी पुढे बघितलं, व्यासपीठाकडे. बाई तिथं नाहीत हे बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्याची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर आली. सेल्विनवर थांबली. मग बाईंवर.

तो बाकाजवळ आला, वाकला. "किती दिवस?"

"तीन महिने," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना असतात तेवढेच."

घारा त्यांच्याकडे बघत राहिला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, कमरेशी गेलेला हात कशासाठी होता, हे आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "बघत राहीन. दोघांनाही." आणि तो बाहेर गेला. त्याची पावलं उतारावर विरली.

मग रोसेंदोनं कसंबसं "आमेन" म्हटलं आणि लोक रडायला लागले, हसायला लागले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. मागच्या बाकावर कुणी आलं नाही. यायचं नसतंच, बाईंचाच नियम.

बाई भिंतीला टेकल्या. आता कुठं त्यांना जाणवलं की मघापासून मांडीत काहीतरी रुततंय, झग्यातून आत शिरलंय. भीतीत कळलंच नव्हतं.

"इकडं सरका, बाई," सेल्विन पुढे बघतच हळू आवाजात म्हणाला आणि स्वतः आखडून त्यानं जागा केली. "त्या टोकाला खिळा वर आलाय."

बाई सरकल्या. आणि ज्या बाईला नवऱ्याच्या मातीला कुणी रडताना बघितलं नव्हतं, ती ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडली. सेल्विन नुसता शेजारी बसून राहिला.

सोमवारी भट्टी पेटवायच्या आधी बाई हातोडा घेऊन चर्चमध्ये गेल्या आणि तो खिळा ठोकून आल्या.